गोडाऊन कुठे टाकायचं, माल कसा पाठवायचा : नाशिक, जालना, नागपूर आणि कोकण यांची तुलना स्वतः कशी करायची

समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून मला आठवड्याला एकतरी फोन येतो, दादा आम्ही सिन्नरला जागा घ्यावी का जालन्याला, का थेट नागपूरला जाऊ. फोन करणाऱ्याने तोपर्यंत गुगल मॅप उघडून किलोमीटर मोजलेले असतात, जमिनीचा भाव विचारलेला असतो आणि त्याच्या मनात उत्तरही ठरलेलं असतं. मी निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचा डिस्पॅच बघतो, द्राक्ष, कांदा, थोडा टोमॅटो, गाड्या लावणं, भाडं ठरवणं, कंटेनर वेळेत गेटमधून आत घालणं हे रोजचं काम. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीये ती आधीच सांगतो. किलोमीटर सगळ्यात शेवटी बघायचे. आधी दोन गोष्टी बघायच्या, गाडी परत येताना काय घेऊन येते आणि गाडी एकूण किती तास नुसती उभी राहते. भाड्याचा हिशोब इथेच ठरतो आणि धुराचा हिशोबही इथेच ठरतो, दोन वेगळे विषय नाहीत हे.

खाली जी पद्धत देतोय ती आमच्या कंपनीसाठी आम्ही वापरली, आता ओळखीतल्या तीन-चार कंपन्या वापरतात. कन्सल्टंट लागत नाही, एक दोनशे पानी वही लागते आणि साधारण दीड महिना लागतो.

आधी सरकारी रँकिंगबद्दल

केंद्राचं वाणिज्य मंत्रालय २०१८ पासून लीड्स नावाचा अहवाल काढतं, त्यात राज्यांची लॉजिस्टिक्सच्या दृष्टीने तुलना असते आणि महाराष्ट्र त्यात वरच्या गटात आलेला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं, त्याच्या आधी ऑक्टोबर २०२१ मध्ये पीएम गतिशक्ती योजना, मग २०२४ मध्ये राज्याचं स्वतःचं लॉजिस्टिक्स धोरण आलं आणि त्यात नागपूर, जालना-संभाजीनगर, नाशिक-सिन्नर अशी हबची नावं आहेत. वाचा, जरूर वाचा, पुढे सवलती कुठे मिळणार ते त्यातून कळतं. पण राज्य वरच्या गटात आहे म्हणून तुमच्या तालुक्यातल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर शेड आहे असं होत नाही. तुम्हाला जी तुलना पाहिजे ती जिल्ह्याची, खरं तर त्या जिल्ह्यातल्या एका रस्त्याची, एका स्टेशनची आणि एका हंगामाची आहे. ती कुठेच छापलेली नसते, आपणच करावी लागते.

पहिलं काम : मालाची वही

ज्या भागांची तुलना करायची त्या प्रत्येकासाठी बारा पानं घ्या, महिन्याला एक. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे त्या भागातून बाहेर जाणारा माल, उजवीकडे आत येणारा. टनात लिहा, पैशात नाही. पैशात लिहिलं की द्राक्ष मोठं दिसतं आणि सिमेंट लहान, ट्रकला मात्र पैसा कळत नाही, वजन आणि जागा कळते.

आकडे कुठून मिळतात? बाजार समितीकडे आवकेचे रोजचे आकडे असतात, लासलगाव, पिंपळगाव बसवंत इथले तर पेपरात येतात. रेल्वेच्या मालधक्क्यावर जाऊन गुड्स क्लार्कला नीट विचारलं तर महिन्याला किती रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, लागतात, कशाचे लागतात ते कळतं, खत, सिमेंट, धान्य, बहुतेक हेच असतं. टोल नाक्याजवळच्या ढाब्यावर दोन तास बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजा, ताडपत्री बांधलेली म्हणजे भरलेली, दोर मोकळे लोंबतायत आणि फाळका खडखडतोय म्हणजे रिकामी. हा उद्योग मूर्खपणाचा वाटेल पण मला यातून जितकं कळलं तितकं कुठल्याही अहवालातून कळलं नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, असं हंगामात चार दिवस आणि हंगाम नसताना चार दिवस मोजा.

आमच्याकडचं पान कसं दिसतं ते सांगतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्ष, त्याच काळात लाल कांदा संपत येतो आणि मार्चपासून उन्हाळी कांदा निघायला लागतो, म्हणजे डावीकडचा रकाना भरून वाहतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर पिंपळगावला टोमॅटो. मधल्या काळात चाळीतला उन्हाळी कांदा भाव बघून बघून निघत राहतो. उजवीकडे काय, तर खत, बियाणं, खोके, प्लास्टिक, किराणा, बांधकामाचं साहित्य. सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसीत येणारा कच्चा माल आहे, पण तो येतो ती गाडी वेगळी आणि द्राक्षाला लागतो तो रिफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, वेगळा. ही गाठ नीट समजून घ्या, कारण कागदावर दोन्ही बाजू जमल्यासारख्या दिसतात आणि रस्त्यावर जमत नाहीत. लोखंड आणलेल्या उघड्या ट्रेलरमध्ये द्राक्ष जात नाही, आणि रिफरमध्ये कोणी लोखंड घालत नाही.

जालन्याचं पान वेगळं. तिथे सळईच्या मिल आहेत, भंगार आत येतं आणि सळई बाहेर जाते, दोन्ही जड, दोन्ही बारा महिने, आणि दोन्हीला चालणारी गाडी बऱ्यापैकी एकाच जातीची. त्यावर बियाण्याच्या कंपन्या, मोसंबी, कापूस, सोयाबीन. मी पहिल्यांदा जालन्याचं पान भरलं तेव्हा माझाच विश्वास बसेना, इतकी वर्षं आपण जालना म्हणजे दुष्काळी जिल्हा असंच ऐकत आलो.

नागपूरचं पान तिसऱ्याच प्रकारचं. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या रेल्वे लाईन तिथे एकमेकींना छेदतात, रस्त्यातही राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ तिथेच भेटतात. काटोल, वरूड, मोर्शीचा संत्रा, अंबिया बहार आणि मृग बहार असे त्याचे दोन मोसम, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, छत्तीसगडकडून येणारं लोखंड, कोळसा. पण नागपूरची खरी ताकद तिथे काय पिकतं यात नाही, तिथून काय *वाटता* येतं यात आहे. चारी दिशांना गाडी सुटते म्हणून चारी दिशांचं भाडं मिळतं.

दुसरं काम : परतीचं भाडं

इथे जरा थांबून हिशोब करू, कारण सगळा लेख यावर उभा आहे.

समजा दहा टायरची गाडी आहे. २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढली तेव्हापासून तिचं एकूण वजन २८.५ टन चालतं, त्यात माल धरू १८ टन. भरलेली गाडी लिटरला ४ किमी देते आणि रिकामी ६ किमी देते असं धरू, तुमच्या ड्रायव्हरला विचारून स्वतःचे आकडे घाला. अंतर धरू २०० किमी.

जाताना भरलेली, ५० लिटर. येताना रिकामी, ३३ लिटर. एकूण ८३ लिटर जळलं आणि पोचला १८ टन माल, म्हणजे टनाला ४.६ लिटर. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे टनाला १२.४ किलो.

आता तीच गाडी येतानाही १८ टन घेऊन आली. दोन्ही वेळा ५० मिळून १०० लिटर, माल मात्र ३६ टन. टनाला २.८ लिटर, धूर ७.४ किलो. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता तोच, आणि टनामागचा धूर ४० टक्के कमी. टनामागचं डिझेलही तेवढंच कमी.

म्हणून मी म्हणतो की हिरवं धोरण, इलेक्ट्रिक ट्रक, हायड्रोजन हे सगळं यायचं तेव्हा येईल आणि यावं, पण आज संध्याकाळपासून जे करता येतं ते रिकामी गाडी बंद करणं. शेजारच्या तालुक्यातल्या खतवाल्याशी बोला. आमची एक गाडी आठवड्यातून तीनदा भिवंडीला कांदा घेऊन जायची आणि रिकामी यायची, आम्ही नाशिकच्या एका किराणा होलसेलवाल्याशी ठरवलं, त्याचा माल भिवंडीच्याच गोडाऊनमधून यायचा, त्याला भाड्यात सूट दिली आणि आम्हाला परतीचं डिझेल सुटलं. ठरवायला दोन चहा लागले फक्त, ते करायची बुद्धी व्हायला चार वर्षं लागली.

वहीत प्रत्येक भागासाठी हे लिहा : दहा गाड्या गेल्या तर किती भरून परत येतात, परतीच्या भाड्यासाठी सरासरी किती तास थांबावं लागतं, आणि परतीचा माल तुमच्या गाडीच्या जातीत बसतो का. अड्ड्यावरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा, दलालाला विचारा, पण ड्रायव्हरला नक्की विचारा. दलाल म्हणेल "रिटर्न भाडं कधीही मिळतं", ड्रायव्हर सांगेल की मिळतं पण दोन दिवस गाडी लावून बसावं लागतं आणि अर्धं भाडं हातात पडतं.

कंटेनरचं गणित याच्या बाजूला वेगळं मांडा. निर्यातीचा रिकामा कंटेनर लागतो, तो येतो कुठून? जिथे आयातीचा माल उतरतो तिथे रिकामे कंटेनर साठतात. नाशिकला रिफर बहुतेक न्हावा शेवा बंदराकडून रिकामाच येतो आणि भरून जातो, म्हणजे अर्धा फेरा वाया हे आपल्या नशिबी धरूनच चाला. नागपूरला किंवा जालन्याला ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर बंदराची, गोष्ट कोणी सांगितली की पहिला प्रश्न हाच विचारा, इथे आयात किती उतरते? आयात नसेल तर रिकामा डबा शेकडो किलोमीटर ओढून आणावा लागेल आणि त्याचे पैसे कुठून तरी तुमच्याच बिलात येतील.

तिसरं काम : उभी गाडी

दोन वर्षांपूर्वी मी आमच्याच कंटेनरबरोबर ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेलो, मुद्दाम, सगळं डोळ्यांनी बघायचं म्हणून. रात्री नऊला पॅकहाउसमधून निघालो. पहाटे तीनला बंदराच्या अलीकडे एका यार्डात रांगेत लागलो. नाव नको त्या यार्डाचं. गेटमधून आत गेलो ते दुपारी अडीच वाजता. कारण काय तर एका कागदावर सील नंबरचा एक आकडा चुकला होता, दुरुस्त करणारा माणूस दहाला यायचा, आला साडेअकराला. पूर्ण वेळ रिफरला वीज देणारं जेनसेट घरघरत होतं, द्राक्ष शून्याच्या आसपास ठेवायची म्हणजे ते बंद करताच येत नाही. आमच्या रांगेत गाड्यांच्या खाली झोळ्या बांधून माणसं झोपलेली, संडासाला जायला जागा नाही, पाण्याची बाटली वीस रुपयांना. आमचा ड्रायव्हर, पन्नाशीचा माणूस, मला म्हणाला साहेब तुम्ही झोपा केबिनमध्ये, मला सवय आहे. मला झोप लागली नाही.

आता हिशोब. रिफरचं जेनसेट तासाला दोन-अडीच लिटर पितं. साडेअकरा तास म्हणजे पंचवीस लिटरच्या आसपास, जागेवर उभं राहून. वरच्या उदाहरणात अख्खा २०० किमीचा रिकामा परतीचा प्रवास ३३ लिटरचा होता. म्हणजे एक चुकलेला आकडा आणि एक उशिरा आलेला माणूस मिळून जवळजवळ रिकाम्या फेऱ्याइतकं डिझेल जाळतात. यासाठी कुठला हायवे बांधून उपयोग नाही.

म्हणून वहीचं तिसरं पान तासांचं. गाडी भरायला किती तास, काट्यावर किती, गेटवर किती, खाली करायला किती, कागदाला किती. किमान दहा फेऱ्यांचं लिहा, ड्रायव्हरला सांगा की प्रत्येक ठिकाणी पोचलास आणि निघालास की व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाक, वेळ आपोआप येते. त्याला फॉर्म भरायला लावू नका, तो भरणार नाही आणि त्याने भरूही नये.

सरासरी काढून थांबू नका, सगळ्यात वाईट फेरी कितीची होती ते वेगळं लिहा. नाशवंत मालात सरासरीने माल वाचत नाही. एखाद्या भागात सरासरी सहा तास आणि वाईटात वाईट आठ, दुसऱ्या भागात सरासरी पाच पण वाईटात वाईट तीस, तर मी डोळे मिटून पहिला भाग घेईन.

चौथं काम : रस्ता, रूळ आणि पाणी

समृद्धी ७०१ किमीची. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा तुकडा ५ जून २०२५ ला. आमच्यासाठी हा शेवटचा तुकडाच महत्त्वाचा, कारण त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे आणि कसाऱ्याचा घाट चुकतो. घाटात भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढते, उतरताना ब्रेक तापतात, पावसाळ्यात धुकं आणि दरड. घाट चुकणं म्हणजे नुसता वेळ नाही, डिझेल, टायर, ब्रेक लायनर आणि ड्रायव्हरचा जीव.

पण समृद्धीचा टोल हिशोबात नीट घाला, आणि थकवाही घाला. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता माणसाला झोप आणतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, ते आपण कोणी विसरू नये. तुमच्या गाडीला ८०० किमी एका ड्रायव्हरवर पळवायचं गणित मांडत असाल तर ते गणितच चुकीचं आहे. दोन ड्रायव्हर धरा किंवा मध्ये मुक्काम धरा, आणि मुक्कामाला सुरक्षित पार्किंग, संडास, अंघोळीची सोय कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा. मालासोबत लागणारं जीएसटीचं ई-वे बिल २०० किमीला एक दिवस देतं, म्हणजे ८०० किमीला चार दिवस कायद्यानेच मिळतात, मग घाई कोणाला आहे ते स्वतःला विचारा.

रेल्वेचा साधा नियम असा की मालाला दोनदा जास्तीचा हात लागतो, एकदा ट्रकमधून डब्यात आणि एकदा डब्यातून ट्रकमध्ये. हा खर्च अंतर कितीही असलं तरी तेवढाच. त्यामुळे नाशिक ते न्हावा शेवा असल्या दोनशेच्या आसपासच्या अंतराला रेल्वे सहसा परवडत नाही, जालन्याहून चारशेला घासाघीस होते, आणि नागपूरहून आठशेच्या आसपास अंतराला माल जड आणि घाईचा नसेल तर रेल्वे बहुतेक जिंकते. शिवाय इंजिन विजेवर चालतं, एक रेक म्हणजे रस्त्यावरचे कित्येक ट्रक कमी. म्हणून नागपूरची तुलना करताना ट्रकचं भाडं धरून केली तर नागपूरवर अन्याय होतो. मुंबईच्या वाटेवर मात्र इगतपुरी-कसारा घाट रेल्वेलाही सुटत नाही, तिथे ३७ ला १ असा चढ आहे आणि मुंबईहून परतताना मालगाडी वर चढवायला जादा इंजिनं लावावी लागतात, गाड्या खोळंबतात. हे जालना आणि नागपूर दोघांनाही लागू आहे.

जालन्याजवळ दिनेगावला ड्राय पोर्ट, वर्धा जिल्ह्यात सिंदीला लॉजिस्टिक पार्क, अशी नावं तुमच्या कानावर आली असतील. बोर्ड बघून मार्क देऊ नका. तिथे जा आणि तीन प्रश्न विचारा : आठवड्याला किती रेक सुटतात, ठरलेल्या वारी सुटतात का भरल्यावर सुटतात, आणि रिफर लावायला विजेचे पॉइंट किती आहेत. उत्तर येईल त्यावर मार्क द्या, पुढे होणार आहे याला शून्य.

रेल्वेने नाशवंत माल जातो हे मात्र सिद्ध झालेलं आहे. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल आपल्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला गेली, साधारण १५०० किमी, बत्तीस तासांच्या आत. पुढे सांगोल्याचं डाळिंब बंगालपर्यंत गेलं. भाड्यात ५० टक्के सवलत होती म्हणून परवडत होतं हे खरं, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधल्या स्टेशनवर थोडा थोडा माल चढवता येत होता, पाच क्विंटलवाला शेतकरीसुद्धा पाठवू शकत होता, त्याला अख्खा ट्रक भरायची गरज नव्हती. तुमच्या भागात लहान मालाला रेल्वेत जागा मिळते का हे वहीत वेगळ्या ओळीत लिहा.

कोकणाकडे लोक तुलनेत बघतच नाहीत, घाट आणि वळणं म्हणून सोडून देतात. पण कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते गोव्यातलं वेर्णा रो-रो सुरू केलं, म्हणजे भरलेला ट्रकच उघड्या वॅगनवर चढवायचा आणि ड्रायव्हर केबिनमध्ये बसून जाणार. पुढे ती सुरतकलपर्यंत गेली. या लाईनचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. टायर झिजत नाहीत, डिझेल जळत नाही, ड्रायव्हरची रात्र वाचते. गोव्याकडे किंवा मंगळूरकडे नियमित माल असेल तर हे भाडं काढल्याशिवाय कोकणाला नापास करू नका. अडचण आहे ती एकेरी लाईनची आणि पावसाळ्यातल्या वेगाची.

आणि पाणी. रायगडमध्ये धरमतरच्या खाडीत, अंबा नदीवर, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०, बार्जमधून कोळसा, चुनखडी असा जड माल वर्षानुवर्षं येतो. गोव्यात मांडवी, झुआरीवर लोहखनिजाच्या बार्ज. जड, सुटा, न नासणारा आणि घाई नसलेला माल असेल तर पाण्याइतकं स्वस्त आणि कमी धुराचं काही नाही. कांदा-द्राक्षवाल्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून मी यावर फार बोलत नाही.

पाचवं काम : जागा, वीज, माणसं

जागेचा भाव सगळे बघतात. त्यासोबत हे बघा : बिगरशेती झालेली आहे का, समोरचा रस्ता मल्टीॲक्सल वळेल इतका रुंद आहे का, पावसाळ्यात पाणी साठतं का. जुलैमध्ये जाऊन बघा, मार्चमध्ये सगळ्या जमिनी चांगल्या दिसतात. कोल्ड स्टोरेज असेल तर विजेचा फीडर कुठला, महिन्यात किती तास जाते ते शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा, त्याच्याइतकं खरं उत्तर कोणी देत नाही. छतावर सोलर टाकायला पत्रा आणि सांगाडा वजन पेलणारा हवा, हे बांधतानाच ठरवा, नंतर महागात जातं.

माणसांचं म्हणाल तर हमाली, तोलाई, वाराई प्रत्येक ठिकाणी वेगळी. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ पासून आहे, माथाडी बोर्डाला मजुरीवर भरायची लेव्ही धरूनच भाव काढा, ती चुकवायचा विचार करून जिल्हा निवडू नका. पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाची म्हातारपणाची सोय त्यातून होते. पॅकहाउसला बायका कामाला लागतात, त्यांना रात्री घरी सोडायची गाडी मिळते का, पाळणाघर आहे का, यावर हंगामात तुमची लाईन चालणार का बंद पडणार ते ठरतं. हे मी अनुभवावरून सांगतो, आमच्याकडे गाडीची सोय केली त्या वर्षापासून मार्चमध्ये माणसं सोडून जायची थांबली.

सहावं काम : काय बिघडू शकतं

एक पान धोक्यांचं. कांदा असेल तर सरकारी निर्णय हा सगळ्यात मोठा धोका, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती ४ मे २०२४ ला उठली, त्यावरही ४० टक्के शुल्क होतं, ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. अशा काळात ज्याचं सगळं गणित बंदरावर होतं त्याच्या गाड्या उभ्या राहिल्या, ज्याच्याकडे उत्तरेत रेल्वेने माल पाठवायची सोय होती त्याचं कसंतरी निभावलं. म्हणून प्रत्येक भागाला विचारा, उद्या बंदर बंद झालं तर माल कुठल्या दुसऱ्या दिशेला जाईल? नागपूर इथे पहिला येतो, नाशिकला मनमाडवरून उत्तरेची वाट आहे, कोकण मागे पडतं.

आणि डहाणूजवळचं वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, ७६,२२० कोटींचा प्रकल्प. ते उभं राहिलं की नाशिक, धुळे, नंदुरबारचं अंतराचं चित्र बदलेल हे उघड आहे, वहीत पेन्सिलने लिहून ठेवा. पण डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलेला आहे आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं चालू आहे. शाश्वत वाहतूक म्हणायचं आणि ज्यांच्या दारात ती येते त्यांचं ऐकायचं नाही, हे मला पटत नाही. आपल्या कंटेनरचे दोन तास वाचतात म्हणून दुसऱ्याची मासेमारी जात असेल तर तो खर्चही खर्चच आहे, कोणाच्या तरी वहीत तो लिहिला जातोच.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल थोडक्यात. शेतातून पॅकहाउसपर्यंत, पॅकहाउसमधून जवळच्या मालधक्क्यापर्यंत, रोज ठरलेले साठ-सत्तर किमी आणि रात्री एकाच जागी उभी, अशा लहान गाड्यांना आजही जमतं. मोठ्या ट्रकसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजनेखाली अनुदान जाहीर केलं, गाडीमागे जास्तीत जास्त ९.६ लाख, त्यासाठी जुनी गाडी भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं. लांबच्या पल्ल्याला चार्जिंग मोजल्याशिवाय उडी मारू नका.

सगळं एका पानावर

आता चार भाग आडवे लिहा आणि खाली सहा ओळी : दोन्ही बाजूंचा माल, परतीचं भाडं, उभे तास, पर्यायी वाहतूक, जागा-वीज-माणसं, धोके. प्रत्येकाला दहापैकी मार्क. पण सगळ्या ओळींना सारखं वजन देऊ नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. नाशवंत माल असेल तर उभे तास तिप्पट धरा. जड आणि टिकाऊ असेल तर परतीचं भाडं आणि रेल्वे दुप्पट. वाटपाचं गोडाऊन असेल तर दिशा किती सुटतात ते दुप्पट.

आमच्या वहीत काय निघालं ते सांगतो, तुमचं वेगळं निघेल. द्राक्षाला निफाड सोडायचं नाही, काढणीपासून प्रीकूलिंगपर्यंतचे, म्हणजे माल पहिल्यांदा थंड करेपर्यंतचे, तास वाढले की बाकी सगळं फुकट. कांद्याचं उत्तर भारताचं गोडाऊन नागपूरला भाड्याने, विकत नाही. आणि परतीच्या भाड्यासाठी जालन्याच्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांशी कायमचं बोलणं, कारण नागपूरहून रिकामी सुटलेली गाडी जालन्यात सळई भरून नाशिकला येऊ शकते.

पान भरलं तरी लगेच जागा घेऊ नका. तीन महिने भाड्याच्या जागेतून आठवड्याला दोन गाड्या पाठवा, त्यातला एक महिना पावसाळ्यातला असू द्या. प्रत्येक फेरीनंतर ड्रायव्हरशी दहा मिनिटं बोला आणि चारच गोष्टी लिहा : डिझेल किती लागलं, परत काय आणलं, सगळ्यात जास्त वेळ कुठे उभा राहिला, आणि रात्री झोपला कुठे.